‘तक्रार नाही’ हे शब्द कोणाचे?

परभणीत शिकणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. वडार समाजात जन्मलेला, आंबेडकरी विचार मानणारा, कायद्याचे शिक्षण घेणारा हा पस्तीस वर्षांचा तरुण. १० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेला बंद पुकारला गेला, त्याला हिंसक वळण लागले आणि त्यानंतर पोलिसांनी आमच्या वस्त्यांतून कोम्बिंग ऑपरेशन केले. दारे तोडून माणसे उचलली गेली, बायाबापड्यांना मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या. त्या धरपकडीत सोमनाथ सापडला. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि मग थेट शवविच्छेदनाचे टेबल. डॉक्टरांच्या पथकाने मृत्यूचे प्राथमिक कारण लिहिले ते असे, की अनेक जखमांमुळे बसलेला धक्का.

त्यानंतर पाच दिवसांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उभे राहिले आणि त्यांनी महाराष्ट्राला सांगितले की सोमनाथला मारहाण झालेली नाही, त्याला श्वसनाचा जुना आजार होता, आणि दंडाधिकाऱ्यांपुढे त्याने स्वतःच मारहाण झाली नसल्याचे सांगितले होते. म्हणजे डॉक्टर जखमा मोजतात आणि सरकार ‘तक्रार नाही’ या शब्दांकडे बोट दाखवते! आज आम्हाला बोलायचे आहे ते या शब्दांबद्दल. कारण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात हे शब्द कागदावर रोज उमटतात.

ज्यांनी रिमांडचे कोर्ट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळपासून लॉकअपमध्ये बसवून ठेवलेल्या माणसांना दुपारी जाळीच्या गाडीतून कोर्टात आणले जाते. प्रत्येकाचा दंड धरून एकेक शिपाई उभा असतो. पुष्कळदा तो रात्री लॉकअपवर हजर असलेलाच शिपाई असतो. न्यायाधीश पुढ्यातल्या गठ्ठ्यातून मान वर काढून विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? आरोपी न्यायाधीशांकडे बघत नाही, तो दंड धरणाऱ्याकडे बघतो. पीसीआर वाढला तर संध्याकाळी पुन्हा याच माणसांबरोबर त्याच खोलीत जायचे आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. तो मान हलवतो. कागदावर उमटते, ‘तक्रार नाही’. सगळा मामला मिनिटाभराचा. आरोपीला सदरा काढायला सांगणारे, पोलिसांना बाहेर पाठवून एकट्याला विचारणारे दंडाधिकारीही आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण ते अपवाद आहेत. ज्या उत्तराच्या मागे खाकी वर्दी उभी होती, ते उत्तर राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात पुरावा म्हणून वाचून दाखवावे, याला काय म्हणायचे?

आता पीसीआर संपतो आणि एमसीआर होतो. माणूस पोलिसांच्या ताब्यातून तुरुंगाच्या ताब्यात जातो. घरच्यांना वाटते, सुटला एकदाचा पोलिसांच्या तावडीतून. पण इथेच सगळ्यात मोठी फट आहे. माणूस तुरुंगात मेला की पोलीस म्हणतात, आम्ही धडधाकट सोपवला होता. तुरुंगवाले म्हणतात, आला तेव्हाच आजारी होता. आणि दोघांच्या मध्ये प्रेत पडून राहते.

खरे तर हा वाद एका वहीने मिटायला हवा. तुरुंगात नव्याने दाखल होणाऱ्या माणसाची वैद्यकीय तपासणी करायची आणि त्याच्या अंगावरच्या जखमा, वळ, खुणा नोंदवून ठेवायच्या, ही पद्धत इंग्रजांनी १८९४ च्या तुरुंग कायद्यातच घालून दिली होती. ती काही कैद्यांच्या प्रेमापोटी नव्हे. आपल्या दारात आलेला माल कोणत्या अवस्थेत आला याची पोच ठेवण्याचा तो गोऱ्या साहेबाचा हिशेब होता. तो हिशेब जरी कोणी प्रामाणिकपणे ठेवला तरी पुरे. वहीत जखमा लिहिल्या असतील तर त्या पोलीस ठाण्यात झाल्या. वही कोरी असेल आणि प्रेतावर जखमा असतील, तर त्या एक तर तुरुंगात झाल्या किंवा तुरुंगाच्या डॉक्टरने त्या पाहूनही लिहिल्या नाहीत. तिसरी शक्यता नाही. म्हणून कोठडीत मृत्यू झाला की पहिली मागणी या वहीच्या पानाची करावी. आमचे कार्यकर्ते मागणी करतात ती निलंबनाची. निलंबन काय, सहा महिन्यांत उठते.

आणि तुरुंगातला मार? तो नसतोच असे कोणाला वाटत असेल तर त्याने भायखळ्याच्या महिला कारागृहातील मंजुळा शेट्ये आठवावी. जन्मठेप भोगणारी ही बाई आधी आमच्या शेजारच्या येरवड्यातच होती. चांगल्या वर्तणुकीमुळे तिला वॉर्डर केले गेले आणि भायखळ्याला हलवले. २३ जून २०१७ रोजी शिध्यातली दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले यावरून ती जबाबदार ठरली आणि तिला झालेल्या मारहाणीत तिचा जीव गेला, असा आरोप आहे. एक तुरुंगाधिकारी आणि पाच महिला रक्षक अशा सहा जणींवर खुनाचा खटला उभा राहिला. तो कोणामुळे? बराकीतल्या इतर कैदी बायकांमुळे. त्या ओरडल्या, छतावर चढल्या, एकीने फिर्याद दिली. सरकारने काय केले? त्या बायकांवरच दंगलीचा गुन्हा दाखल केला! भिंतीच्या आत साक्षीदार म्हणून उभे राहण्याची किंमत ही अशी आहे.

मारायला लाठीच लागते असेही नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी कंपवाताने हात थरथरत असल्यामुळे तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मागत होते, त्यासाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीत असतानाच रुग्णालयात गेले. ज्या भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना धरले होते, त्याच हिंसाचाराबद्दल एका भगिनीने २ जानेवारी २०१८ रोजी पिंपरी पोलीस ठाण्यात एकबोटे आणि भिडे यांच्याविरुद्ध ॲट्रॉसिटीखाली फिर्याद दिली होती, हे या पट्ट्यातील वाचकांना सांगायला नको. त्यांपैकी भिडे यांना कधी अटक झाली नाही. तुरुंग कोणासाठी बांधलेले असतात, हे एवढ्यावरून कळते. आणि आत गेल्यावरही जात सुटत नाही. झाडू कोणी मारायचा, स्वयंपाक कोणी करायचा हे जातीवरून ठरवणारे आणि भटक्या-विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणारे तुरुंग नियमावलीतले नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. म्हणजे प्रजासत्ताकाच्या पंच्याहत्तराव्या वर्षापर्यंत ते नियम पुस्तकात होते. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत एका विमुक्त जातीतला मुलगा परभणीच्या कोठडीत गेला.

आता आमच्या दाराशी येऊ. चाकणची औद्योगिक वसाहत आज देशात गाजते. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कधी काळची ही शेतीची गावे आता खोल्यांची गावे झाली आहेत. एकेका खोलीत पाच-सहा पोरे. नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर, बुलढाणा, यवतमाळ, आणि त्याच्याही पलीकडे बिहार, झारखंड. बहुतेक ठेकेदाराकडची, आज या कंपनीच्या गेटवर तर उद्या त्या. खोली मालकाच्या नावावर, आधार कार्ड गावच्या पत्त्याचे.

समजा, यातल्याच एका पोराला भंगार चोरीच्या संशयावरून रात्री उचलले. कायदा सांगतो की अटकेची खबर त्याच्या माणसाला दिली पाहिजे. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही घ्या, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करा, असे बजावले आणि पुढे त्यातले काही कायद्यातही आले. पण या पोराची खबर द्यायची कोणाला? खोलीतली पोरे तपासाच्या भीतीने दुसरीकडे झोपायला गेलेली. ठेकेदार म्हणतो, तो आमच्याकडे कालपर्यंतच होता. गावाकडच्या आईजवळ फोन असला तरी इतक्या लांब यायला भाडे नाही. चोवीस तासांच्या आत त्याला राजगुरुनगरच्या कोर्टात उभे करतात. फुकट वकील मिळण्याचा त्याला हक्क आहे, पण कागद हातात पडेपर्यंत रिमांड संपलेला असतो. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत त्याला किंवा त्याच्या माणसाला मिळाली पाहिजे असे कायदा म्हणतो. ती प्रत हातात धरलेला एक तरी गरीब आरोपी आम्हाला कोणी दाखवावा. तेथून तो येरवड्याला जातो.

येरवडा म्हटले की आमच्या पिढीला २४ सप्टेंबर १९३२ चा करार आठवतो. गांधींचे प्राण वाचवण्यासाठी बाबासाहेबांनी ज्या तुरुंगाच्या आवारात आपल्या समाजाचा हक्क सोडला, तो हा तुरुंग. आज तिथे मंजूर क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसे कोंबलेली असतात, त्यांत बहुसंख्य कच्चे कैदी. एवढ्या गर्दीत छातीत दुखते म्हणणाऱ्या पोराकडे रात्री दोन वाजता कोण बघणार?

मग सोमनाथच्या प्रकरणात न्याय निदान दारापर्यंत कसा आला? कारण त्याच्या मागे विजयाबाई उभ्या राहिल्या. पोटापाण्यासाठी पुण्याकडे आलेल्या कष्टकरी कुटुंबातली ही आई. सरकारने दहा लाखांची मदत जाहीर केली, ती त्यांनी नाकारली. हे वाक्य लिहायला सोपे आहे, बांधवांनो. महिन्याच्या हजेरीवर चूल पेटणाऱ्या घराला दहा लाख काय असतात याचा विचार करून ते पुन्हा वाचावे. पैसे घेतले असते तरी आम्ही त्यांना दोष दिला नसता, नुकसानभरपाई हा हक्कच आहे. पण त्यांनी ठाण्यात तक्रार दिली आणि ती सोडली नाही. शवविच्छेदन परभणीत न होता औरंगाबादच्या घाटीत डॉक्टरांच्या पथकाकडून झाले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरले.

आणि इथे कायद्यातला एक खड्डा उघडा पडला. कोठडीत मृत्यू झाला की न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करावी, असे २००५ च्या दुरुस्तीने ठरले, आता तेच कलम १९६ म्हणून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. पण चौकशीचा अहवाल आल्यावर त्याचे पुढे काय करायचे, गुन्हा कोणी नोंदवायचा, तपास कोणी करायचा, याबद्दल कायदा मूग गिळून बसला आहे. अहवाल येतो आणि कपाटात जातो. हाच मुद्दा ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी विजयाबाईंच्या वतीने खंडपीठापुढे लावून धरला. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धावले. आपल्याच विद्यार्थ्याच्या मृत्यूचा साधा गुन्हा नोंदवला जाऊ नये म्हणून सरकारी तिजोरीतून वकील उभे केले गेले! ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका फेटाळली. साडेसात महिने लागले, आणि तेही फक्त गुन्हा नोंदवण्यापर्यंत यायला.

आमचे म्हणणे चळवळीलाही कडू लागेल, पण बोललेच पाहिजे. परभणीसाठी पिंपरीच्या पुतळ्याजवळ आपण जमलो, घोषणा दिल्या, निवेदने दिली. ते योग्यच होते. पण गेल्या वर्षभरात या पट्ट्यातल्या किती पोरांच्या पहिल्या रिमांडला आपला एक तरी माणूस कोर्टात हजर होता? माणूस मेल्यावर हजारो जमतात आणि जिवंत असताना त्याच्यामागे एकही नसतो. त्या दंड धरणाऱ्या शिपायाला कोर्टाच्या बाकावर निळी टोपी घातलेला एक म्हातारा जरी दिसला, तरी त्याची पकड सैल होते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. बाकावरून कोणी विचारत असेल की दवाखान्याचा कागद दाखवा, तर न्यायाधीशही मान वर करून बघतात.

देहूरोडच्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेव्हापासून या भागात विहारांची संख्या वाढतच गेली आहे, दापोडीपासून तळेगावपर्यंत. या विहारांत वंदना होते, धम्मवर्ग होतात, लग्ने लागतात. त्यांच्या फलकावर एक फोन नंबर लिहायला किती खर्च येतो? रात्री कोणाला उचलले तर या नंबरावर कळवा, एवढेच. आपल्यातून शिकलेले वकील पिंपरीत आहेत, राजगुरुनगरला आहेत. आठवड्यातला एक दिवस एकाने वाटून घेतला तर सहा जणांत आठवडा भरतो. निवृत्त कामगार आहेत, ज्यांनी युनियनच्या काळात स्वतः लॉकअप पाहिले आहे, त्यांनी बाकावर बसावे. अटकेची वेळ, दवाखान्यात नेल्याची वेळ, अंगावर काय दिसले, वैद्यकीय कागदाची प्रत मिळाली की नाही, तुरुंगात दाखल केल्याची तारीख, हे एका वहीत लिहावे. तुरुंगाची वही आपल्या हातात नाही, ही वही आहे.

सुरुवात चाकणपासून व्हावी असे आमचे मत आहे. पिंपरीत निदान नातेवाईक धावत येतात. चाकणच्या खोल्यांतल्या पोरांना ओळखणारे राजगुरुनगरच्या कोर्टात कोणी नसते, आणि नाशिकच्या बाजूला जाणारी एसटी चाकणच्या चौकातून सकाळीच सुटते.