ताप येईल, हे आधी सांगा

लसीकरणाची जनजागृती म्हटली की काय काय होते, हे आता सगळ्यांना पाठ झाले आहे. चौकात फलक लागतो. निम्म्या जागेत मान्यवरांचे हसरे चेहरे, उरलेल्या जागेत एक गुटगुटीत बाळ. शाळेतल्या पोरांची प्रभातफेरी निघते. रिक्षावर भोंगा बांधून दिवसभर एकच फीत वाजते. मार्चअखेर प्रसिद्धीचा निधी खर्ची पडला की मोहीम यशस्वी! या सगळ्या खटाटोपामागे एकच समजूत असते : आई अडाणी आहे, तिला लस ठाऊक नाही, कानीकपाळी ओरडले की येईल.

ठाऊक नव्हती तर ती पहिल्या डोसला आली कशी? महाराष्ट्रात शंभरातली नव्वदहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. बीसीजी, पोलिओचे पहिले थेंब आणि कावीळ-बची लस बाळाला तिथेच मिळते. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या वर्ष-दोन वर्षांच्या मुलांपैकी सगळ्या मूलभूत लसी पूर्ण झालेली मुले पंचाहत्तर टक्क्यांच्याही आत भरली. मधली मुले गेली कुठे? दीड महिन्याचा पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, डोस कसाबसा होतो, अडीच महिन्यांचा लांबतो, साडेतीन महिन्यांचा राहून जातो आणि नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाची आठवणही उरत नाही. म्हणजे यांतल्या कितीतरी आया एकदा येऊन गेलेल्या आहेत. गिऱ्हाईक एकदा येऊन पुन्हा फिरकले नाही तर शहाणा दुकानदार पाटी मोठी करत बसत नाही, आत काय बिनसले ते बघतो.

काय बिनसते ते बघायला कुठल्याही गजबजलेल्या सत्राला तासभर बसावे. अंगणवाडीचा ओटा, बर्फाच्या डब्यात लसी, नर्सबाई एकच. आशाताई ड्यू लिस्ट हातात धरून नावे पुकारत असतात. बाळाच्या मांडीत सुई, तोंडात थेंब, कार्डावर तारीख आणि ‘चला, पुढची’. आई रडते बाळ खांद्यावर टाकून घरी जाते. संध्याकाळी बाळ तापते, मांडी टणक होते, रात्रभर किरकिर. सासू विचारते, ‘‘चांगलं खेळतं पोर घेऊन गेलीस, हे काय करून आणलंस?’’ यावर त्या पोरीकडे उत्तर नसते, कारण ते तिला कुणी दिलेलेच नसते. पुढच्या महिन्यात आशाताई दारात आल्या की सासूच सांगते, ‘‘ती माहेरी गेलीय.’’

हा ताप अनपेक्षित नाही. पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याविरुद्धचा जो घटक असतो, त्याने पुष्कळ बाळांना ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे दिले की भागते. बीसीजीचेही तेच. दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, चिघळतो, खपली धरतो आणि व्रण ठेवून जातो. आधी सांगितले असेल तर ‘सिस्टर म्हणाल्याच होत्या’ एवढे बोलून आई घरच्यांना गप्प करते. सांगितले नसेल तर हात पिकला म्हणून नाही नाही ते लेप सुरू होतात. ऐपत असलेल्या घरातल्या आईला बालरोगतज्ज्ञ हे सारे नीट समजावतात, कमी ताप येणारी महागडी लसही आहे असे सांगतात, तापाच्या औषधाचे थेंब किती द्यायचे ते चिठ्ठीवर लिहून देतात. त्याला मात्र कुणी जनजागृती म्हणत नाही!

गंमत अशी, की सरकारी लसटोचकांच्या प्रशिक्षणातही हे आहे. प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या : आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचे, पुन्हा कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणायचे. शिवाय टोचल्यावर बाळाला अर्धा तास तिथेच थांबवायचे. या चार गोष्टी सांगायला दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या सत्रात ती दोन मिनिटेच आधी कापली जातात आणि त्याबद्दल नर्सबाईंना धारेवर धरण्यात अर्थ नाही. टोचायचे तिनेच, नोंदवही तिचीच, ऑनलाइन माहिती भरायची तीही तिनेच; आणि वर विचारणा एकच, डोस किती झाले? किती आयांना तापाचे सांगितले, हे तिला कुणी विचारत नाही.

वरच्या पातळीवर मात्र नाइलाज नसतो, भीती असते. त्रासाचे बोललो तर लोक बिथरतील, ही ती भीती. म्हणून फलकांवर लस संपूर्ण सुरक्षित असते आणि बाळ कायम हसरे. नोव्हेंबर २०१८मध्ये महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोठी मोहीम शाळाशाळांतून निघाली. या लसीने मूल पुढे वांझ होते, असली अफवा देशात ठिकठिकाणी मोबाइलवरून फिरत होती. दिल्लीत तर प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पालकांच्या संमतीवाचून टोचायचे नाही आणि जाहिरातीत लसीचे संभाव्य दुष्परिणामही छापायचे, असे न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये बजावले. तेव्हा अनेकांनी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या मते तो लसीकरणावर उपकारच होता. सरकार काहीतरी लपवते आहे, हा संशय अफवेचे अर्धे काम करून ठेवतो. जे आपण होऊन सांगून टाकले, त्याची अफवा होत नाही.

यावर पोलिओचा दाखला हमखास पुढे येतो. अमिताभ बच्चन टीव्हीवरून रागावले आणि पोलिओ गेला, असा आपला इतिहास! जाहिरातीने नाव घरोघर पोचवले, हे खरेच. पण २००२मध्ये देशात पोलिओचे १६०० रुग्ण निघाले, त्यांतले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले. तिथल्या वस्त्यांतून दारे बंद होत होती. ती उघडली मोहल्ल्यातल्याच बायांनी. युनिसेफच्या मदतीने त्यांचे जाळे उभे राहिले, मौलवींना सोबत घेतले, मशिदींतून पुकारा झाला आणि थेंबांबरोबर तापा-खोकल्याची औषधेही मिळू लागली. ‘आमच्या गटाराकडे कुणी बघत नाही, पोलिओसाठीच बरे दर महिन्याला येता’ हा लोकांचा टोमणा बिनतोड होता. तो ऐकून घेतला गेला, तेव्हा काम पुढे सरकले. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला आणि मार्च २०१४मध्ये प्रमाणपत्र मिळाले. त्या बायांचा फोटो मात्र कुठल्या फलकावर दिसत नाही.

आता गोवर. लागट रोगांत याचा हात धरणारा दुसरा नाही. आळा घालायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस हवेत. करोनाच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण विस्कटले, त्याची किंमत २०२२च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथल्या मुलांनी मोजली. तोवर झोपलेली जनजागृती मग खडबडून जागी झाली. पण आई वेळेवर आली तरी काय होते? गोवर-रुबेलाच्या कुपीत पाच किंवा दहा डोस असतात. भुकटीत द्रावण मिसळले की ती चार तासांत वापरावी लागते, उरली तर टाकून द्यायची. नियम सांगतो, एका मुलासाठीसुद्धा कुपी फोडा. प्रत्यक्षात डोस वाया गेल्याचा जाब कोण देणार, या धास्तीने एकट्या आईला ‘मुले जमली की या’ असे सांगून परत पाठवण्याचे प्रकार होतात. तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. बीडकडची ऊसतोडीची जोडपी घ्या. दिवाळीच्या आसपास मुकादमाची गाडी लागते ते पार उन्हाळा तोंडावर येईपर्यंत. मूल नऊ महिन्यांचे होते तेव्हा ते फडावरच्या कोपीत असते, कार्ड गावच्या पेटीत आणि नाव गावच्या यादीत. कारखान्याच्या रस्त्यावर कितीही मोठा फलक लावा, पहाटे कोयता घेऊन निघालेली बाई तो वाचून मोळ्या टाकून उपकेंद्र शोधायला जाणार आहे का? नर्सबाईंनी फडावर जायला हवे. काही ठिकाणी जातातही. तिथे लसी होतात.

तेव्हा आरोग्य खात्याने एवढे करावे. पुढच्या वर्षीचे फलक आणि प्रभातफेऱ्या रद्द करून तो पैसा गर्दीच्या सत्रांना एक जादा माणूस देण्यात घालावा. त्याने टोचायचे नाही, नोंदवही भरायची नाही. टोचून आलेल्या आयांना अर्धा तास बसवून घ्यायचे, चार गोष्टी सांगायच्या, तापाचे औषध हातात द्यायचे आणि ते किती द्यायचे ते दाखवायचे. एका मुलासाठी कुपी फोडणाऱ्या नर्सबाईंना जाब विचारला जाणार नाही, असे लेखी द्यावे. आणि तुमच्या घरात तान्हे बाळ असेल तर पुढच्या वेळी सत्रावरून उठण्याआधी विचारा : ‘‘सिस्टर, ताप येईल का? आला तर काय करू?’’