वाळत नाही, विणलं जातं!

बालमित्रांनो, फुटलेली फुलदाणी जोडायला घरी दोन नळ्यांचं अ‍ॅराल्डाइट आणतात ना? एका नळीत इपॉक्सी रेझीन, दुसरीत हार्डनर. वेगवेगळे असेपर्यंत दोघेही मऊ. एकत्र कालवले, की काही वेळाने दगडासारखे घट्ट!

तुम्ही म्हणाल, "वाळलं असेल." छे! ओला शर्ट वाळतो, तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं. इथे रेझीनचे रेणू म्हणजे सुटे दोरे. हार्डनरचे रेणू त्यांना जागोजागी गाठी मारतात आणि एक जाळं विणलं जातं. गाठी बसताना उष्णता बाहेर पडते, म्हणून मोठा गोळा कालवला तर तो चांगलाच तापतो. तेव्हा हे काम मोठ्यांसोबत, हातमोजे घालूनच करा.

घाई आहे म्हणून हार्डनर जास्त घातला तर? जादा रेणूंना जोडीदारच मिळत नाहीत. जोड कच्चा राहतो! प्रमाण पाकिटावरचंच हवं.

मेण वितळून पुन्हा गोठतं. उकडलेलं अंडं मात्र पुन्हा पातळ होत नाही. हे जाळंही तसंच. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेलं बेकेलाइट याच जातीचं. कुकरच्या काळ्या मुठीही अशाच प्लॅस्टिकच्या, म्हणून त्या वितळत नाहीत.

पण त्यामुळेच काचतंतू आणि इपॉक्सीची पवनचक्कीची जुनी पाती वितळवून नवी करता येत नाहीत. या गाठी सोप्या रीतीने कशा सोडवायच्या, यावर शास्त्रज्ञ डोकं खाजवताहेत. तुमच्यापैकी कोण सोडवणार हे कोडं?