विजयाची मालिका आणि सरासरीची ओढ

यशाला दृष्ट लागते, असे आपण म्हणतो. एखादा संघ ओळीने जिंकू लागला की त्याचे चाहते हर्षभरित होतात. परंतु त्या हर्षाच्या पोटातच एक धाकधूक दडलेली असते. हे किती दिवस चालणार? अमेरिकेतील बेसबॉलच्या हंगामात हा प्रश्न दरवर्षी जुलैच्या सुमारास उभा राहतो, आणि त्याच्या उत्तरावर चाहत्यांच्या मनःस्वास्थ्याखेरीज इतरही पुष्कळ काही अवलंबून असते. ज्यांची मुलेबाळे त्या देशी स्थायिक झाली आहेत, त्या वाचकांच्या कानांवर ही चर्चा कधीतरी आली असेल; इतरांनाही ती उद्बोधक वाटावी.

प्रथम या खेळाची रीत ध्यानात घेऊ. तेथील सर्वोच्च स्पर्धेत ३० संघ असून, मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोजच सामना. या रगाड्यात शंभर सामने जिंकणारा संघ श्रेष्ठ गणला जातो. याचाच अर्थ असा की, श्रेष्ठ संघही साठएक वेळा हरतो. जेथे हार ही नित्याची गोष्ट आहे, तेथे ओळीने दहा-बारा विजय मिळाले की लोकांना त्यात काही अलौकिक दिसू लागते.

पण थोडे गणित करून पाहा. ३० नाणी घेऊन प्रत्येक नाणे १६२ वेळा उडवले, तर त्यांतील चारदोन नाण्यांवर तरी ओळीने आठ वेळा छापा पडण्याची दाट शक्यता असते. म्हणून त्या नाण्यांच्या अंगी काही गुण आला असे कोणी म्हणत नाही. संघ म्हणजे नाणे नव्हे, हे खरे. तेथे कौशल्य आहे, सराव आहे, आत्मविश्वासही आहे. तथापि मालिकेतील काही वाटा निव्वळ योगायोगाचा असतो, आणि योगायोगावर कोणाची मालकी नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९१६ सालचे आहे. त्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्स या संघाने सप्टेंबरात २६ विजयांची मालिका रचली. मध्ये एक सामना बरोबरीत सुटला, तो वगळला तर हा विक्रम अद्याप अबाधित आहे. त्याच हंगामात, मे महिन्यात, याच संघाने परगावच्या मैदानांवर ओळीने १७ सामने जिंकले होते. असा संघ अजिंक्यपदाचा धनी झाला असेल असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो आपल्या लीगमध्ये चौथा आला! एकूण विजय ८६ आणि पराभव ६६. दोन मालिकांचे ४३ विजय बाजूला काढले, तर उरलेल्या सामन्यांत त्याच्या पदरी ४३ विजय आणि ६६ पराभव पडले. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, याची याहून चोख साक्ष कोठे मिळणार?

इंग्लंडचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईबाप आणि मुले यांच्या उंचीची मापे अभ्यासून एक नियम मांडला. अतिशय उंच आईबापांची मुले उंच खरी, पण सरासरीने पाहता आईबापांइतकी उंच नसतात. ती मध्याकडे झुकतात. खेळालाही हाच नियम लागू पडतो. मात्र येथे एक गैरसमज होतो. ‘आता जिंकले, तेव्हा पुढे तितकेच हरणार’ असे पुष्कळांना वाटते. दैव काही सावकार नव्हे, की दिलेले व्याजासह वसूल करील. मालिका संपल्यावर संघ आपल्या मूळ पातळीवर येतो. तिच्याखाली त्याने गेलेच पाहिजे असे नाही, आणि जिंकलेले सामने तर कोणीच परत मागत नाही.

मग ही मूळ पातळी ओळखायची कशी? २०२२ साली सिअ‍ॅटल मरिनर्स या संघापुढे नेमका हाच प्रश्न होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचे २९ विजय आणि ३९ पराभव झाले होते. तेथून चक्र फिरले. पुढील २५ सामन्यांपैकी २२ त्याने जिंकले, आणि त्यांतले अखेरचे १४ ओळीने. जुलैच्या मध्यावर काही दिवसांची विश्रांती असते. तिच्या आरंभी हिशेब होता ५१ विजय आणि ४२ पराभव. विश्रांतीनंतर ह्यूस्टनचा संघ सिअ‍ॅटलला आला आणि तिन्ही सामने जिंकून गेला. मालिका संपली.

आता निर्णयाची घडी होती. संघांना खेळाडूंची देवघेव करण्यास मुदत असते. त्या वर्षी ती २ ऑगस्टपर्यंत होती. संघ खरोखर सबळ असेल, तर उद्याचे उमदे खेळाडू देऊन आजचा कसलेला खेळाडू घेणे शहाणपणाचे. पण ती चार दिवसांची बहार असेल, तर तेच करणे म्हणजे बियाणे दळून खाणे. सिअ‍ॅटलचा संघ २००१ मध्ये ११६ सामने जिंकला होता, आणि त्यानंतर २१ वर्षे एकदाही अंतिम फेऱ्यांपर्यंत पोहोचला नव्हता. व्यवस्थापकांनी जुलैअखेरीस चार तरुण खेळाडू सिनसिनाटीच्या संघाला दिले आणि लुईस कास्टियो हा पिचर, म्हणजे चेंडूफेक करणारा खेळाडू, आणला.

पुढे काय झाले? उरलेल्या ६९ सामन्यांत संघाने ३९ जिंकले व ३० गमावले. मालिकेची धार राहिली नाही, पण पूर्वीची दैनाही परतली नाही. विश्रांतीपूर्वी शंभरात सुमारे ५५ विजय पडत होते, नंतर सुमारे ५७. याचा अर्थ असा की, केवळ १४ विजय पाहणारा फसला असता आणि केवळ जूनमधील घसरण पाहणाराही फसला असता. दोहोंची बेरीज करणाऱ्याला मात्र भविष्य बरेचसे अचूक दिसले असते.

बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स यांचा ठोकताळाही हेच सांगतो. केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले, की संघाच्या विजयांचे प्रमाण साधारणपणे कळते. सिअ‍ॅटलने वर्षभरात ६९० धावा केल्या आणि ६२३ दिल्या. या हिशेबाने ८९ विजय व्हावयास हवे होते. झाले ९०.

अंतिम फेऱ्यांत कास्टियोच्या चेंडूफेकीच्या बळावर संघाने टोरांटोविरुद्धचा पहिला सामना ४–० असा जिंकला, आणि दुसऱ्यात १–८ अशा पिछाडीवरून १०–९ असा विजय खेचून आणला. त्यापुढे मात्र ह्यूस्टनने त्याला तिन्ही सामन्यांत हरवले; त्यांतला शेवटचा १८ डाव चालून केवळ एका धावेने गेला. त्याच ह्यूस्टनने त्या वर्षीचे अजिंक्यपद मिळवले.

तेव्हा, भर हंगामातील विजयाची मालिका टिकते काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु टिकली नाही म्हणून ती फुकट गेली, असेही नाही. ते १४ विजय हिशेबात नसते, तर पुढच्या ३९ विजयांनी २१ वर्षांची प्रतीक्षा संपली नसती. भरतीचे पाणी ओसरणारच. पाणी चढलेले असताना नाव किती आत आणून ठेवली, एवढेच माणसाच्या हाती असते. परीक्षेत एकदा पहिला आलेला मुलगा पुढच्या खेपेस चौथा आला, म्हणून त्याच्यावर डोळे वटारण्यापूर्वी घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे.