पीडीएफ नको, कितवं पान ते सांगा



या आठवड्याच्या व्हिडिओत जे मी पाच मिनिटांत उरकलं, ते इथं सविस्तर लिहितोय. कारण आधी एक चूक कबूल करायची आहे. गेली तीन-चार वर्षं मी प्रत्येक बॅचला सांगत आलो की रोज सकाळी स्टेटसला काहीतरी टाका. सुविचार टाका, पुस्तकाचं कव्हर टाका, एखादं गाणं टाका, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर राहा. तुम्ही ऐकलंत. आता रोज सकाळी माझ्या फोनवर तोच उगवता सूर्य, तीच चहाची कपबशी आणि खाली दुकानाचा नंबर. हार्डवेअरवाल्याचा आणि ब्युटी पार्लरवालीचा सुविचार एकच, कधीकधी तर फाँटसुद्धा एकच! मी स्वतः ते वाचत नाही, अंगठ्यानं पुढं ढकलतो. ज्यानं सल्ला दिला तोच वाचत नाही, म्हणजे सल्ला फसला.

हे माझ्या लक्षात आणून दिलं खर्ड्याच्या एका गिरणीवाल्यानं. जामखेड तालुक्यातलं खर्डा म्हटलं की आपल्याला किल्ला आणि लढाई आठवते. ११ मार्च १७९५ ला मराठ्यांनी निजामाला हरवलं ते इथंच. तिथं दोन दिवसांची बॅच होती, छोटे दुकानदार, चाळीसेक जण. जाण्याआधी मला जरा भाव खायचा होता. अनंत फंदीनं खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचलाय हे मला माहीत होतं. १८९१ साली ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला होता; असले जुने संग्रह आता स्कॅन होऊन नेटवर आलेत. एक जाडजूड पीडीएफ सापडली, अनुक्रमणिकेत खर्डा दिसलं, की दिली ग्रुपवर ढकलून. वर लिहिलं, 'तुमच्या गावाचा इतिहास, प्रत्येकानं वाचलाच पाहिजे.' सात-आठ अंगठे आले, दोन हात जोडलेले आले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हा गिरणीवाला जवळ आला. "सर, कितवं पान?"

मला सांगता येईना. मी ते पान उघडलंच नव्हतं. 'शेवटी शेवटी आहे' असं काहीतरी पुटपुटलो. तो काही बोलला नाही, पण हसला. रात्री लॉजवर बसून पान शोधलं आणि वाचलं. तासभर लागला, भाषा जुनी, काही शब्द अडले ते अडलेच. पण ज्या शिवारातून मी सकाळी एसटीनं आलो होतो त्याच शिवाराचं नाव कडव्यात आलं तेव्हा मी उठून बसलो, खोटं नाही सांगत. सकाळी पान नंबर टाकला आणि खाली दोनच वाक्यं लिहिली. हा शाहीर संगमनेरचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. आणि पेशव्यांच्या झेंड्याखाली सगळे मोठे सरदार एकत्र लढल्याची ही शेवटची मोठी वेळ. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोवाड्यावरच बोलणं चाललं. पुस्तक तेच, माणसं तीच. फरक इतकाच की आदल्या दिवशी मी ओझं दिलं होतं, त्या दिवशी माझा वाचलेला तास दिला.

आता त्या गिरणीची गोष्ट. बॅच संपल्यावर त्यानं आग्रहानं नेलं. गिरणी चालू असताना तिथं कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. पण लाईट गेली की बायका डबे पुढं ठेवून बसून राहतात, घरी जाऊन परत येणं परवडत नाही. तेव्हा हा फोनवर ओव्या लावतो, जात्यावरच्या. 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर २०१७ पासून जात्यावरच्या ओव्यांचा मोठा ठेवा येतोय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या पुण्यातल्या अभ्यासकांनी सोबतच्या कार्यकर्त्यांना घेऊन कित्येक वर्षं तो गोळा केला. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्यात. याला त्या नेटवर दुसरंच काही शोधताना सापडल्या. विजेच्या गिरणीत जात्याच्या ओव्या, यात गंमत आहे हे त्यालाही कळतं. "सर, आमच्या धंद्यानंच जातं घालवलं की," तो म्हणाला.

मी होतो तेव्हाही लाईट गेली. त्यानं एक ओवी लावली. दळण घेऊन आलेल्या एका आजी थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "आमच्याकडं आशी नव्हती म्हणत." आणि त्यांनी त्यांची म्हटली. शेजारच्या बाईनं पुढची जोडली. मी बघतच राहिलो.

माझ्यातला ट्रेनर गप्प बसतो होय? मी लगेच म्हणालो, "भाऊ, याची रील करा. खाली गिरणीचं नाव, नंबर टाका. तालुक्यात गाजेल." त्यानं मान हलवली. "नको सर. नंबर टाकला की ती माझी जाहिरात झाली. मग आजी म्हणायच्या न्हाईत."

मी गाडीत बसेपर्यंत त्याच्याशी वाद घातला. आज मला वाटतं, तो बरोबर होता. धंद्यात आपण 'पत' म्हणतो ना, ती अशा ठिकाणी लागते. तुम्ही एखाद्याला सांगता की हे गाणं ऐक, हे पुस्तक वाच, तेव्हा तुम्ही त्याचा वेळ मागत असता, आणि जामीन तुमचा शब्द असतो. त्या शब्दाला मागून दुकानाचा बोर्ड लटकवला की समोरच्याला कळतं, ह्याला आपल्याला काही द्यायचं नाही, आपल्याकडून घ्यायचंय. शेंगदाणे घेताना मूठभर चाखायला देतात तसं हे नाही. इथं विकायचं काहीच नसावं. गिऱ्हाईक वाढलं तर वाढलं, पण त्यासाठी करू नका. बिझनेस ट्रेनरनं हे सांगावं म्हणजे जरा विचित्रच आहे, माहितीय मला.

एका बाबतीत मात्र माझं त्याच्याशी पटलं नाही, आणि ते मी त्याला सांगितलंय. तो ओवी डाउनलोड करून नुसता आवाज पुढं पाठवतो. पारीवर प्रत्येक ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका लिहिलेला असतो. पहाटे उठून दळलं तिनं, ओवी म्हटली तिनं, आणि फॉरवर्ड होत होत ती 'अनामिक' झाली, हे चालणार नाही. आपल्या मालावरचं लेबल कुणी फाडलं तर आपण भांडायला जातो. नाव आणि मूळ लिंक, दोन्ही पाठवा.

पुस्तकांच्या बाबतीत तर हे जास्तच लागू. पोवाड्यांचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे संग्रह नेटवर असणं वेगळं आणि हयात लेखकाच्या नव्या पुस्तकाची चोरटी पीडीएफ 'ज्ञान वाटल्यानं वाढतं' म्हणत फिरवणं वेगळं. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजारभर प्रतींची. ते छापणारा, विकणारा माणूस तुमच्या-माझ्यासारखाच छोटा व्यावसायिक आहे, त्याच्याही गाळ्याचं भाडं थकतं. अकोले तालुक्यातल्या दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीनं काढलं. ग्रंथाली ही मुळात वाचकांची चळवळ, एका वाचकानं दुसऱ्याच्या हातात पुस्तक ठेवायचं हाच तिचा आधार. पण ते पुस्तक विकत घेतलेलं असायचं. तुम्हाला आवडलं तर नाव सांगा, कुठं मिळतं ते सांगा, फार तर आवडलेल्या प्रकरणाबद्दल चार ओळी स्वतःच्या भाषेत लिहा. अख्खं पुस्तक पाठवू नका.

तर माझा जुना सल्ला मी मागं घेतोय. रोज काही टाकू नका. महिन्यातून एखादी गोष्ट पुरे, तीसुद्धा स्वतः शेवटपर्यंत ऐकलेली, वाचलेली, पाहिलेली. आणि शक्यतो स्टेटसला नकोच. एका माणसाला पाठवा, त्याचं नाव घेऊन, 'तुला का पाठवतोय' हे सांगून. चाळीस जणांना एकच गोष्ट का आवडेल? माझ्या बॅचमधल्या मोबाइल रिपेअरवाल्याला पोवाड्यात रस नव्हता, त्याला जुन्या रेडिओ सेटच्या फोटोंचं पान पाठवलं तर त्यानं रात्री अकराला फोन केला.

परवा गिरणीवाल्याचा मेसेज आलाय. लिंक आहे, म्हणणाऱ्या बाईंचं नाव आहे, गाव आहे, आणि खाली, 'सर, दुसऱ्या मिनिटाच्या पुढं ऐका, तुमच्या आईला पण ऐकवा.' मी अजून ऐकलेली नाही. रविवारी आईकडं जाणार आहे, तेव्हाच लावीन.