बांधणारे वेगळे, चालविणारे वेगळे

बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून, शिरपूरचे २००१ पासून संगणकाच्या क्षेत्राला तरुण पुरवीत आले आहे. जळगाव-धुळ्याचा हा पदवीधर बहुधा पुण्याची रात्रीची गाडी पकडतो आणि तेथे त्याच्या वाट्याला दोहोंपैकी एक काम येते. एकाने प्रणाली लिहावयाची, दुसऱ्याने ती रात्रपाळीत जागून चालू ठेवावयाची. पहिल्याचे कौतुक नव्या सुविधा किती दिल्या यावरून होते, तर दुसऱ्याचे काही बंद पडले नाही यावरून. साहजिकच एकाला रोज बदल हवा असतो आणि दुसऱ्याला बदलाचीच धास्ती. ही भिंत पाडण्याचा जो प्रयत्न, त्यालाच ‘डेव्हऑप्स’ म्हणतात.

हा विचार कोणा व्यवस्थापन गुरूच्या ग्रंथातून आलेला नाही. तो परिषदेच्या व्यासपीठावरून आला. जून २००९ मध्ये सॅन होजे येथील ‘व्हेलॉसिटी’ परिषदेत फ्लिकरचे जॉन ऑलस्पॉ व पॉल हॅमंड यांनी आपल्याकडे दिवसात दहा-दहा वेळा नवी प्रणाली कार्यान्वित होते, असे सांगितले. वर्षातून दोन-तीनदा जीव मुठीत धरून हे काम करणाऱ्यांना ते अविश्वसनीय वाटले असल्यास नवल नाही. बेल्जियमच्या पॅट्रिक दुबुआ यांना तेथे जाता आले नाही. त्यांनी त्याच वर्षी ३० व ३१ ऑक्टोबरला घेंट शहरात स्वतःच परिषद भरविली आणि तिच्या नावातून हा शब्द रूढ झाला. आजही जगभरातील या परिषदा स्थानिक कार्यकर्तेच भरवितात.

भिंत असली की काय होते, याचे उदाहरण शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून उत्तरपत्रिकांची तपासणी संगणकाच्या पडद्यावर करण्याचे ठरविले. एखाद्या विद्याशाखेपुरता प्रयोग करून, चुका सुधारून पुढे जाता आले असते. त्याऐवजी सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकाच हंगामात नव्या यंत्रणेवर टाकण्यात आल्या. ज्या प्राध्यापकांनी ती वापरावयाची, त्यांचे प्रशिक्षण घाईत उरकले गेले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, काही उत्तरपत्रिका सापडेनात, पदव्युत्तर प्रवेश खोळंबले. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. जबाबदारी निश्चित झाली, हे योग्यच. मात्र एवढा मोठा बदल एका दमात करू देणारी कार्यपद्धती कोणती, हा प्रश्न त्या कारवाईने सुटला नाही. डेव्हऑप्सचा पहिला आग्रह नेमका येथेच आहे. बदल लहान असावा, वारंवार व्हावा आणि फसला तर तात्काळ मागे घेता यावा.

दुसरा आग्रह अधिक अवघड आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्रीच्या धावपळीत चुकीच्या सर्व्हरवरील मुख्य विदा पुसून टाकली. राखीव प्रती घेण्याच्या पाच व्यवस्था होत्या. ऐनवेळी एकही धड उपयोगी पडली नाही. सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सुदैवाने हाती लागली. कंपनीने दुरुस्तीचे काम इंटरनेटवरून थेट दाखविले, चुकांची जंत्री प्रसिद्ध केली आणि त्या अभियंत्यास कामावरून काढले नाही. पाच व्यवस्था निकामी असल्याचे कोणालाच ठाऊक नसणे, हा एका माणसाचा दोष कसा?

आपल्याकडील कचेऱ्यांत हे कितपत रुचेल, याची शंका येते. वार्षिक मूल्यमापन जवळ आलेला तरुण आपल्या गटाची फसगत परिषदेत सांगू लागला, तर त्याला आधी वरिष्ठांची परवानगी लागते, मग गोपनीयतेच्या कराराची आठवण करून दिली जाते. मग तो डॉकर, जेनकिन्स, कुबरनेटिस या साधनांवर बोलतो. त्यात कोणाचीच अडचण नसते. अशी व्याख्याने माहितीपूर्ण असतात आणि ती ऐकून कचेरीतील काहीही बदलत नाही. (इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसणाऱ्यांची गोष्ट तर निराळीच.) सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांत अडचण आणखी खोल असते. प्रणाली लिहिण्याचे कंत्राट एकाकडे व चालविण्याचे दुसऱ्याकडे असल्यास दोघांनी एका टेबलाशी बसावे, असे करारातच लिहिलेले नसते.

वास्तविक खानदेशाला ही कल्पना परकी नाही. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्याचे पाणी घेणारे शेतकरीच पाटाची सफाई-दुरुस्ती करीत, कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे एकत्र बसून ठरवीत आणि पाणी वाटणारा पाटकरीही तेच नेमीत. पाट फुटला तर दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याची सोयच नव्हती. अ‍ॅमेझॉनचे वर्नर व्होगल्स यांनी २००६ मध्ये, जो प्रणाली बांधतो त्यानेच ती चालवावी, असा आपल्या कंपनीचा दंडक सांगितला, तेव्हा तो नवा वाटला. साक्रीच्या वृद्ध बागायतदाराला त्यात नवे काय आहे, असाच प्रश्न पडला असता.

माहिती तंत्रज्ञानाच्या परिषदा बहुतांशी पुण्या-बंगळुरूलाच भरतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात सभागृहांची वाण नाही. पुण्यात रात्रपाळी करणारे माजी विद्यार्थी दिवाळीला गावी येतातच. त्यांपैकी एखाद्याला बोलावून, कोणती प्रणाली कधी व का कोसळली, हे कंपनीचे नाव न घेता मराठीत सांगावयास लावले, तर शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीतील पहिल्या रात्रीपूर्वीच ते ऐकावयास मिळेल.