तबकडी भंगारात देण्याआधी

दिवाळीची झाडझूड निघाली की आपल्या वऱ्हाडात घरोघरी माळा रिकामा होतो. पितळी डबे खाली येतात, लग्नातल्या ट्रंका येतात आणि त्यांच्यामागून येतात जुन्या लुगड्यात बांधलेल्या काळ्या तबकड्या. सासऱ्यांनी नाहीतर आजेसासऱ्यांनी हौसेनं घेतलेल्या, पण वाजवायला यंत्र नाही म्हणून पडून राहिलेल्या. भंगारवाला दारात उभा असतोच. घरातलं कुणीतरी म्हणतं, "सीडीवर सारी गाणी भेटतात, आवाजही साफ. हे ओझं कायले ठेवता?" आता तर गाणी मोबाइलवर आली आणि सीडीही माळ्यावर जाऊन बसली. तरी प्रश्न तोच आहे, आवाज कुणाचा चांगला? तबकडीचा की सीडीचा? पुरुषमंडळींच्या गप्पांतला विषय म्हणून आपण तो सोडून देतो. पण माळ्यावरचं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे शेवटी ठरवतो आपणच. म्हणून मैत्रिणींनो, हा विषय आपण समजून घ्यायला हवा.

तबकडीवर गाण्याची लाट खाचेच्या रूपानं कोरलेली असते. सुई त्या खाचेतून फिरते, थरथरते आणि त्या थरथरीचा पुन्हा आवाज होतो. म्हणजे सुईचा स्पर्श आलाच, आणि स्पर्श आला की झीज आली. खाचेत धूळ बसली की करकर ऐकू येते. शिवाय तबकडीच्या मध्याकडे जाताना एका फेऱ्यात खाचेची लांबी कमी होत जाते, म्हणून शेवटच्या गाण्यातले बारीक, उंच स्वर थोडे फाटल्यासारखे येतात. खंजिरीच्या झांजांची किणकिण पहिल्या गाण्यात जितकी लख्ख, तितकी शेवटच्या गाण्यात राहत नाही.

सीडीचं तंत्र वेगळं. ती बाजारात आली १९८२ साली. तिच्यात आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करून ते आकडे साठवलेले असतात. प्रकाशाचा किरण ते वाचतो. स्पर्श नाही, म्हणून झीज नाही. आकड्यांमुळे आवाजाचे तुकडे पडतात असं काहीजण सांगतात, पण ते खरं नाही. यंत्र त्या आकड्यांवरून पुन्हा सलग लाट तयार करतं, आणि माणसाच्या कानाला ऐकू येणारे जवळजवळ सगळे स्वर त्यात बसतात. अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज यांतलं अंतरही सीडी तबकडीपेक्षा जास्त पेलते. तेव्हा मोजमापानं पाहिलं तर सीडी सरस आहे, हे मान्य करायला हवं.

मग तबकडी गोड का वाटते? अमरावतीच्या आमच्या मंडळातल्या आठ-दहा जणी एकदा अकोल्याला माझ्या नणंदेकडे गेलो होतो. तिच्याकडे रेकॉर्ड प्लेअर अजून चालू आहे. एकाच नाट्यगीतांच्या संचाची लाँग प्ले आणि सीडी, दोन्ही तिच्यापाशी होत्या. यंत्राकडे पाठ करून आम्ही ऐकत बसलो. पहिल्यांदा बहुतेकींनी तबकडीला कौल दिला. एक आजी तर म्हणाल्या, "अवं, बाई समोर बसून गायल्यावाणी वाटते!" मग भाच्यानं दोन्हींचा आवाज सारखा केला, कारण आधी तबकडी जरा मोठ्यानं वाजत होती. सारखा आवाज झाल्यावर निम्म्या जणींना फरक सांगता येईना. जरा मोठा वाजणारा आवाज आपल्या कानाला चांगलाच वाटतो. त्यात जुन्या दिवसांची आठवण मिसळली की गोडवा वाढणारच!

पण सीडीची बाजू इथेच संपत नाही. १९९० नंतरच्या अनेक सीडी दुकानात उठून दिसाव्यात म्हणून मुद्दाम मोठ्या आवाजाच्या बनवल्या गेल्या. हळू स्वर वर ओढले, मोठे दाबले, सगळं एकाच पातळीवर आणलं. बिनमिठाची भाजी आणि खारट भाजी एकत्र करून वाढल्यासारखं. जुन्या गाण्यांच्या सीडीत आणखी एक खोड असते. करकर काढून टाकण्याच्या नादात गाणाऱ्या बाईचा श्वास, तंबोऱ्याची आस, तेही पुसलं जातं. हा दोष सीडीचा नाही, ती घाईनं तयार करणाऱ्याचा आहे. पण मूळ तबकडी भंगारात गेली तर ते पुसलेलं पुन्हा आणणार कुठून?

माझा मुद्दा हाच आहे. जिथे चांगली सीडी निघालेली आहे, तिथे सीडी ऐका, काही बिघडत नाही. पण कितीतरी गाण्यांची सीडी निघालीच नाही. त्यांची एकच प्रत कुणाच्या तरी माळ्यावर आहे. आणि त्या तबकड्यांत बायकांचे आवाज फार आहेत. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायल्या. गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत छापायच्या होत्या आणि तिथल्या लोकांना नाव कळायला हवं होतं. आपल्याकडे सुंदराबाई जाधव, हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे यांचा आवाज असाच घराघरांत गेला. ज्या काळी बाईनं बैठकीत बसून गाणं ऐकणंही कठीण होतं, त्या काळी तबकडीनं गाणं तिच्या माजघरात आणलं. केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अवकाशात गेली. ती तबकडीही सुईनंच वाजवायची आहे.

आपल्या वऱ्हाडाचाही यात वाटा आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली आणि १९३० च्या दशकात तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताची वाट तिथूनच रुळली असं मानतात. अशी एखादी तबकडी तुमच्या ट्रंकेत नसेलच, हे कोणी सांगावं?

तेव्हा या दिवाळीला एवढं करा. तबकड्या आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर लाँग प्ले वाकडी होते, म्हणून ती खाली कपाटात आणा. जुन्या जड ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. मऊ, कोरडं फडकं पुरे. चावीच्या ग्रामोफोनवर लाँग प्ले कधीही लावू नका, जड सुई खाच कापून टाकते. ७८ ची सुईही वेगळी असते, ती विचारून घ्या. आणि एका वहीत प्रत्येक तबकडीवरचं गाणं, गाणाऱ्याचं नाव आणि क्रमांक लिहून काढा. या कामाला एक दुपार पुरते.

ज्यांना जमेल त्यांनी कॉम्प्युटरवर प्रत करून घ्यावी. करणाऱ्याला निक्षून सांगावं, "आधी आहे तशी, करकर न काढता एक प्रत द्या. साफ केलेली दुसरी द्या." म्हणजे पुढे चांगलं तंत्र आलं तर मूळ हाताशी राहील. प्रत झाली तरी तबकडी ठेवायचीच.

अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा जास्त तबकड्या विकल्या गेल्या. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिथेही लोकांनी त्या रस्त्यावर फेकल्या होत्या. फॅशन येते नि जाते, तिच्यासाठी आपण काही ठेवायचं नाही. पण आपल्या आधीच्या बाया काय ऐकत होत्या, कशानं सुखावत होत्या, हे त्या काळ्या चकत्यांत आहे. भंगारवाला किलोनं मोजतो. आपण तरी आधी लेबल वाचून मग ठरवू या.