मिठीकाठच्या मुलांचा अभ्यासक्रम

परदेशी अभ्यासक्रम हे मलबार हिलच्या लोकांचं खूळ आहे, असं म्हणून हात झटकायची सोय मुंबई महापालिकेनेच संपवली. २०२०-२१ मध्ये पालिकेने पूनमनगरच्या शाळेत सीबीएसई आणि वुलन मिल शाळेत आयसीएसई सुरू केलं. पुढच्या एक-दोन वर्षांत माटुंग्याच्या एल. के. वाघजी शाळेत केंब्रिज आलं आणि विलेपार्ल्यात पालिकेचीच आयबी शाळा निघाली. पूनमनगर आमच्या मरोळहून रिक्षाच्या अंतरावर आहे, पार्लं त्याच्या जरा पलीकडे. म्हणजे जवळच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीतल्या दागिन्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईलाही आता मुलाच्या शाळेचा अर्ज भरताना एसएससी की सीबीएसई, केंब्रिज की आयबी, हा विचार करावा लागतो, आणि तोही पालिकेच्याच शाळांमधून. आजवर हा विचार फक्त मरोळ-मरोशी रोडवरच्या नव्या टॉवरमधल्या घरांत होत होता. तेव्हा इथल्या मुलांना परदेशी अभ्यासक्रम शिकवायची शाळांना परवानगी असावी का, हा प्रश्न आता सगळ्यांचा आहे. माझं मत असं की परवानगी असावी, पण मूल चौदा वर्षांचं होईपर्यंत राज्याच्या अटींवर. नववीपासून पुढे घरच्यांनी आणि मुलाने काय ते ठरवावं.

परदेशी अभ्यासक्रमाची आपल्याला ॲलर्जी आहे, असा आव आणण्यात अर्थ नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये उभं राहिलं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि त्याच्या १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकच्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. आज अनेक मराठी घरांत ज्या आयसीएसईला ‘कडक पण भारतीय’ म्हणून मान आहे, त्या मंडळाची स्थापना १९५८ ची. केंब्रिजची परीक्षा भारतीय हातात घ्यावी म्हणून ते निघालं. म्हणजे एकेकाळचा परदेशी अभ्यासक्रम आपण सत्तर वर्षांत पचवून टाकला. याच्या उलट बाजूला विजापूरकरांचं उदाहरण आहे. विष्णू गोविंद विजापूरकरांनी राष्ट्रीय शिक्षणाचा ध्यास घेऊन समर्थ विद्यालय काढलं आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने तळेगावात त्याला टाळं लावलं. तेव्हा परका अभ्यासक्रम लादलेला होता आणि त्याला पर्याय देणं हा गुन्हा ठरत होता. आज तो कुणी लादत नाही, पालक पदरचे पैसे मोजून घेतात. लादलेल्या गोष्टीविरुद्ध वापरलेली हत्यारं निवडलेल्या गोष्टीवर चालवता येत नाहीत, हे स्वदेशीच्या नावाने बंदी मागणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मुळात या अभ्यासक्रमात ‘परदेशी’ किती असतं, तेही तपासायला हवं. केंब्रिजच्या आयजीसीएसई भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत हमखास एक प्रश्न असा असतो: तुम्ही अभ्यासलेल्या एखाद्या ठिकाणाचं नाव देऊन तिथली परिस्थिती सांगा. पूर असेल, लोकसंख्या असेल, उद्योग असेल. ठिकाण कुठलं घ्यायचं, ते विद्यार्थ्यावर सोडलेलं असतं. मरोळच्या मुलाने इथे मिठी नदी लिहिली तर परीक्षकाची काही हरकत नसते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेलं पाणी मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला करत माहीमच्या खाडीत कसं जातं, काठावर भराव घालून तिचं पात्र कसं आवळलं गेलं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा त्या पात्राचं काय झालं, हे त्याला घराजवळच्या पुलावर उभं राहून शिकता येईल. हा अभ्यासक्रम त्याला अडवत नाही. त्याला अडवतं ते शाळेने मागवलेलं तयार पुस्तक, ज्यात दुसऱ्याच कुठल्या तरी देशातल्या नदीचा पूर छापलेला असतो, आणि तोच पाठ करून घेणारे शिक्षक. आयबीचा प्राथमिक कार्यक्रम तर पाठ्यपुस्तकांवर उभाच नाही. तो एक सांगाडा आहे, त्यात मजकूर शाळेने भरायचा असतो. म्हणूनच ‘आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात महाराष्ट्र बसवायला जागा नाही’ ही शाळाचालकांची सबब मला पटत नाही. जागा मुबलक आहे, इच्छा नाही. आणि हे फक्त परदेशी मंडळांबद्दलच का बोलायचं? दिल्लीत बसून ठरवलेल्या अभ्यासक्रमालाही मिठी कुठे माहीत असते? बालभारतीच्या तिसरीच्या परिसर अभ्यासात निदान जिल्हावार पुस्तकं निघाली आणि चौथीत शिवछत्रपती आहेत. सीबीएसईकडे धावताना आपण तेवढंही मागे टाकतो, त्याची तक्रार मात्र कुणी करत नाही.

बंदी मागणाऱ्यांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा वजनदार आहे, आणि तो संस्कृतीचा नाही. ज्या पालकांच्या तक्रारीला किंमत असते, तेच पालक सामायिक परीक्षेतून उठून गेले की राज्य मंडळाला जाब विचारणारं कुणी उरत नाही. गणिताचं पुस्तक वाईट निघालं, पेपर फुटला, शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या, तरी आरडाओरडा करू शकणाऱ्यांची मुलं तिथे नसतात. खासगी आंतरराष्ट्रीय शाळांची वर्षाची फी लाखांत असते. ती भरणारा डॉक्टर किंवा कंपनीतला अधिकारी एसएससीच्या निकालाची बातमी परक्या गावच्या बातमीसारखी वाचतो. शिक्षणहक्क कायद्याने यावर एक छोटा उपाय ठेवला आहे: विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठी. ही तरतूद मंडळ कुठलं ते पाहत नाही. पण ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनेच अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट देऊन टाकली. मरोळसारख्या दाट वस्तीत एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नसेल असा कोपरा शोधूनच काढावा लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला ती अधिसूचना रद्द केली म्हणून बरं. परदेशी अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळेच्या वर्गात मरोळच्या चिमटपाडा वस्तीतलं मूल बसत असेल, तर तो अभ्यासक्रम परका राहत नाही. ते बसत नसेल, तर त्या शाळेत उद्या पूर्ण मराठीतून शिकवलं तरी ती परकीच.

परदेशी अभ्यासक्रमाच्या या ओढीवर सरकारने स्वतःचा तोडगाही काढून पाहिला होता. २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ निघालं, शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेसारख्या शाळा त्याला जोडल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये सरकार बदललेलं असताना ते मंडळ गुंडाळलं गेलं. वाबळेवाडीचं नाव मंडळाच्या आधीच झालं होतं, ते शिक्षकांच्या आणि गावकऱ्यांच्या मेहनतीवर. तीन वर्षांत जन्म आणि मृत्यू दोन्ही पाहणाऱ्या मंडळापेक्षा केंब्रिजचं प्रमाणपत्र टिकाऊ, असं पालकांना वाटलं तर त्यांना कसा दोष द्यायचा?

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर सरसकट बंदी टिकणारच नाही. कर्नाटकने प्राथमिक वर्गांत मातृभाषेचं माध्यम सक्तीचं केलं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अमान्य केलं. पण महाराष्ट्राने मराठी हा विषय सक्तीचा केला, तो उषा मेहता खटल्यात २००४ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केला होता. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की वाट दिसते: माध्यम राज्याने लादायचं नाही, पण या मातीतलं थोडं तरी, म्हणजे मराठी आणि महाराष्ट्राचा इतिहास, शिकल्याशिवाय शाळेतून बाहेर पडता येणार नाही, एवढं राज्य म्हणू शकतं. जगातही दोन टोकं आहेत. चीनने २०२१ पासून सक्तीच्या शिक्षणाच्या वयात परदेशी पाठ्यपुस्तकं वापरायला खासगी शाळांना मनाई केली. सिंगापूरमध्ये स्थानिक नागरिकाच्या मुलाला आंतरराष्ट्रीय शाळेत घालायला सरकारची परवानगी लागते. मलेशियाने उलट २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय शाळांतल्या स्थानिक मुलांवरची मर्यादा काढून टाकली. चीनची वाट आपल्या राज्यघटनेत बसत नाही आणि मलेशियाइतकी मोकळीक आपल्या विषमतेला परवडत नाही. वयाची चौदा वर्षं ही रेषा म्हणूनच सोयीची आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठीच आहे, आणि आयजीसीएसईची खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते.

यावर पहिला आक्षेप येईल तो बदलीच्या नोकरीतल्या पालकांचा: आज मुंबई, उद्या दुबई, मग मराठी आणि महाराष्ट्राचा इतिहास कशाला? दुबईला जाईपर्यंत मूल इथे राहतं, इथल्या बसमध्ये बसतं, इथल्या माणसांशी बोलतं, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं. परदेशातून येऊन-जाऊन असणाऱ्या कुटुंबांना अपवाद ठेवता येईल. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. नीट आणि जेईई एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमावर बेतलेल्या असतात आणि एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या, मग परदेशी अभ्यासक्रमातली मुलं मागे पडणार नाहीत का? पडू शकतात, आणि म्हणूनच त्यांना दहावीनंतर क्लासवर दुप्पट पैसे ओतावे लागतात. पण हे बंदीचं कारण नाही, माहिती देण्याचं आहे. प्रवेशाच्या वेळी शाळेने हे पालकांना लेखी सांगितलं पाहिजे. भारतीय विद्यापीठ संघ आयबी डिप्लोमाला बारावीची समकक्षता देतो, एवढंच माहितीपत्रकात ठळक छापून भागत नाही. समकक्षता मिळते, सीईटीची तयारी मिळत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण तो सरकारबद्दलचा आहे: अटी घालाल, पण पाळून कोण घेणार? २०२० चा मराठी सक्तीचा कायदा सर्व मंडळांच्या शाळांना लागू आहे, मोडल्यास एक लाखापर्यंत दंडही आहे. तरीही २०२३ मध्ये राज्य मंडळ सोडून इतर मंडळांच्या शाळांना सवलत मिळाली की मराठीला फक्त श्रेणी द्यायची, ती एकूण गुणांत धरायची नाही. करोनाचं कारण पुढे केलं गेलं. जो विषय निकालात मोजला जात नाही, त्याचा तास वेळापत्रकात पी.टी.च्या शेजारी जातो आणि सहामाहीच्या आधी गणिताला दिला जातो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. परदेशी अभ्यासक्रमाला परवानगी द्यावी की नाही यावर शिक्षण खात्याने समित्या नेमायची गरज नाही. परवानगी आहेच, ती राहू द्यावी. दर वर्षी प्रत्येक शाळेने मराठी कोणी शिकवलं, २५ टक्के जागांवर किती मुलं आली, हे खात्याने प्रभागवार जाहीर करावं, आणि श्रेणीची ती सवलत पुन्हा कुठल्याही मंडळाला देऊ नये.